पिंजऱ्यातल्या ब्रीडर कोंबड्या: कृत्रिम रेतनात फलित अंड्यांचा टक्का कसा वाढवायचा

ब्रीडर फार्मवर (जिथे पिल्लांसाठी उबवणीची अंडी घेतात) फर्टिलिटी, म्हणजे फलित अंड्यांचा टक्का, घसरली की पहिला सल्ला मिळतो तो 'नर वाढवा' नाहीतर 'डोस वाढवा' असा. दोन्ही उपाय खर्चिक आहेत आणि बहुतेक वेळा दुखणे असते दुसरीकडेच. एआयमध्ये, म्हणजे कृत्रिम रेतनात, वीर्य काढण्यापासून ते मादीत सोडण्यापर्यंत अनेक टप्पे असतात. त्यातला नेमका कोणता टप्पा गळतो आहे हे कळल्याशिवाय काहीही बदलू नये. ते कळण्याची सोय आपल्याच हातात असते, कारण अंडी सगळे सांगतात. फक्त ती फोडून पाहावी लागतात आणि कोणत्या दिवशीची, कोणत्या रांगेतली हे लिहून ठेवावे लागते.

आधी अंडी फोडा

उबवणीच्या सातव्या ते दहाव्या दिवशी कॅंडलिंग करताना (अंड्यामागे उजेड धरून आत पाहताना) जी अंडी 'क्लिअर', म्हणजे रिकामी दिसतात, ती सगळी अफलित नसतात. त्यातली काही फलित होऊन पहिल्या दोन-तीन दिवसांतच मेलेली असतात. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून हॅचरीच्या (उबवणी केंद्राच्या) कागदावर सगळी 'इनफर्टाइल' या रकान्यात जातात आणि दोष रेतन करणाऱ्यावर येतो. क्लिअर अंडे बोथट बाजूने फोडा. बलकावर फक्त छोटा, घट्ट, वेड्यावाकड्या कडेचा पांढरा ठिपका असेल तर ते अफलित. रक्ताचे कडे किंवा बलकावर पसरलेला दुधाळ पडदा दिसला तर अंडे फलित होते, गर्भ नंतर मेला. असा लवकर मेलेला गर्भ जास्त प्रमाणात दिसत असेल तर रेतनाला हात लावू नका, अंड्यांच्या साठवणीकडे बघा. अंडी १५ ते १८ अंश सेल्सियसला, ७५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेत ठेवावीत आणि शक्यतो सात दिवसांत सेटरमध्ये (उबवणी यंत्रात) जावीत. दुपारभर शेडमध्ये पडून राहिलेल्या अंड्यात गर्भ थोडा वाढतो, मग थंड खोलीत थांबतो, पुन्हा वाढतो, आणि या ओढाताणीत मरतो.

दहा दिवस थांबायचे नसेल तर ताजे अंडेही फोडून पाहता येते. फलित अंड्यात बलकावरची चकती साधारण ४ ते ५ मिलिमीटरची, गोल आणि मध्ये फिकट, कडेला पांढरे कडे असलेली दिसते. अफलित अंड्यातला ठिपका २ ते ३ मिलिमीटरचा, भरीव आणि कडा फाटल्यासारखा असतो. यासाठी तडकलेली, वाकडी, लहान अंडी वापरा. उबवणीला ती जाणार नसतातच.

आता नोंद. रेतनाचा दिवस शून्य धरा आणि प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने रांगेचा क्रमांक आणि रेतनानंतरचा दिवस लिहा. एक आठवडा एवढे केले तरी चित्र उघडे पडते:

- दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फर्टिलिटी चांगली, पण सहाव्या-सातव्या दिवशी पडते: दोन रेतनांमधले अंतर जास्त आहे किंवा डोसमध्ये जिवंत शुक्राणू कमी आहेत.
- पहिल्या दिवसापासून सगळ्या रांगांत कमी: वीर्याचा दर्जा, पातळ करण्याची पद्धत किंवा रेतनाची वेळ.
- काही ठरावीक रांगांतच कमी: त्या रांगा करणाऱ्याचा हात, किंवा त्या रांगा शेवटी येतात आणि तोपर्यंत वीर्य जुने होते.
- एका आठवड्यात एकदम खड्डा आणि पुन्हा ठीक: त्या दिवशीचे वीर्य विष्ठेने किंवा पाण्याने खराब झाले होते.

तिसऱ्या प्रकाराकडे सर्वात कमी लक्ष जाते. म्हणून रांगा करण्याचा क्रम दर खेपेला उलटा करा. खड्डा क्रमाबरोबर सरकला तर वीर्याचे वय कारणीभूत, त्याच रांगांत राहिला तर करणाऱ्याचा हात किंवा त्या पिंजऱ्यांमधले काहीतरी.

मादीच्या पोटात काय घडते

हे कळले की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. बलक बीजांडकोशातून सुटला की अंडनलिकेच्या वरच्या नरसाळ्यासारख्या भागात येतो आणि तिथे साधारण पाव तासात फलन व्हावे लागते. त्यानंतर त्यावर पांढऱ्याचे थर चढतात आणि शुक्राणूला आत शिरता येत नाही. अंडे पूर्ण होऊन बाहेर पडायला २४ ते २६ तास लागतात आणि अंडे घातल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास पुढचा बलक सुटतो. म्हणजे आज रेतन केले तर उद्याच्या अंड्याला त्याचा उपयोग नाही. हॅचिंगसाठी अंडी दुसऱ्या दिवसापासून गोळा करायची. मंगळवारी पहिले रेतन, तर गुरुवारपासूनची अंडी.

शुक्राणू इतके दिवस टिकतात ते योनी आणि गर्भाशयाच्या सांध्यावरच्या बारीक नळ्यांत. तिथून ते थोडे थोडे वर जात राहतात, म्हणून आठवड्यातून एकदा रेतन पुरते. पण सोडलेल्या शुक्राणूंपैकी जेमतेम एक-दोन टक्के या नळ्यांपर्यंत पोहोचतात. बाकीचे योनीतच अडतात आणि बाहेर टाकले जातात. अशक्त शुक्राणूला ही चाळणी पार करता येत नाही. त्यामुळे मेलेल्या शुक्राणूंनी भरलेला मोठा डोस आणि पाणी यात मादीच्या दृष्टीने फारसा फरक नसतो.

वेळ: इथे सर्वाधिक नुकसान होते

रेतन दुपारनंतर करायचे, बहुतेक माद्यांनी अंडी घातल्यावर. गर्भाशयात टणक कवचाचे अंडे असताना रेतन केले तर अंडे घालताना होणाऱ्या आकुंचनात वीर्य ढकलले जाते. अंडे घालण्याच्या आधीचे तीन तास आणि नंतरचा लगेचचा काळ सर्वात वाईट. सकाळी दहाला रेतन उरकणारी फार्म डोस कितीही वाढवोत, फर्टिलिटी वर येत नाही.

किती वाजता सुरू करायचे हे घड्याळावर नाही, लाइट किती वाजता लागतो यावर ठरते. अंडी घालण्याचा जोर लाइट लागल्यानंतरच्या काही तासांत असतो. चार दिवस तासातासाने अंडी मोजा. दिवसाच्या ९० टक्क्यांहून जास्त अंडी ज्या वेळेपर्यंत येतात, त्यानंतर एक तास सोडून रेतन सुरू करा. बहुतेक ठिकाणी हे दुपारी दोन ते तीननंतर येते. मजूर पाचला घरी जाणार असतील तर लाइट पहाटे एक तास लवकर लावून अंडी लवकर आणता येतात, पण हा बदल एकदम न करता दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटे असा करा. एकूण प्रकाश १६ तासांच्या वर नेऊ नका.

पहिल्या वेळी, कळप नुकताच अंड्यावर आला असताना, लागोपाठ दोन दिवस रेतन करा. नळ्या रिकाम्या असतात, त्या भरून घ्याव्या लागतात. त्यानंतर दर पाच ते सात दिवसांनी. वार पक्का ठेवा. सण, लग्न, पाऊस यामुळे रेतन दोन दिवस पुढे गेले तर त्याची किंमत पुढच्या आठवड्यात हॅचरीत दिसते.

नरांची तयारी

नर स्वतंत्र, एकेका पिंजऱ्यात ठेवा. माद्यांचे खाद्य त्यांना देऊ नका. माद्यांच्या खाद्यात कवचासाठी साडेतीन टक्के किंवा जास्त कॅल्शियम असते, नराला एक टक्क्याच्या आसपास पुरते. प्रथिने १२ ते १४ टक्के. जास्त प्रथिने आणि मोकळे खाणे यांनी नर जड होतात, चरबी चढते आणि वीर्य कमी होते. दर पंधरा दिवसांनी वजन करा. वजन अचानक घटणे हेही तितकेच वाईट. जीवनसत्त्व ई, सेलेनियम आणि जस्त यांचा प्रीमिक्स नरांसाठी वेगळा मागवा. सरकी पेंड आपल्याकडे स्वस्त मिळते म्हणून खाद्यात घालण्याचा मोह होतो, पण तिच्यातले गॉसिपॉल हे विषारी द्रव्य नराच्या वीर्याला बाधते आणि मादीच्या अंड्याचा बलक बिघडवते. ब्रीडरच्या खाद्यात ती नकोच. बुरशी लागलेला मकाही तसाच.

कोंबड्यात शुक्राणू तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. आज बसलेला उन्हाचा, आजाराचा किंवा उपासमारीचा धक्का म्हणून दोन-तीन आठवडे वीर्यात दिसत राहतो. औषध दिले आणि चार दिवसांत फरक पडला नाही म्हणून औषध बदलत बसू नका.

नरांना हाताची सवय २२ ते २४ आठवड्यांच्या वयात लावा. आधी क्लोअकाभोवतीची (विष्ठा, वीर्य आणि अंडे बाहेर येण्याच्या एकाच तोंडाभोवतीची) पिसे कात्रीने बारीक कापा. आठवड्यातून तीनदा मसाज द्या. चांगला नर पहिल्या आठ-दहा दिवसांत प्रतिसाद देऊ लागतो. दोन आठवड्यांनंतरही वीर्य न देणारा, दर वेळी विष्ठा टाकणारा किंवा पाणचट वीर्य देणारा नर काढून टाका. अशा नराला 'अजून बघू' म्हणत ठेवणे महागात पडते, कारण त्याचे वीर्य सगळ्यांच्या वीर्यात मिसळते.

नर किती हवेत, याचा हिशेब साधा आहे. १,००० माद्यांना ०.०५ मिली प्रत्येकी म्हणजे ५० मिली पातळ केलेले वीर्य. एकास एक पातळ केले तर २५ मिली शुद्ध वीर्य. एका वेळी सरासरी ०.३ मिली मिळते असे धरले तर ८३ वेळा वीर्य काढावे लागेल. प्रत्येक नर आठवड्यातून दोनदा वापरला तर ४२ नर. आजारी, मोल्टवरचे (पिसे झडणारे) आणि न देणारे धरून ५० ते ५५ ठेवा. लहान देशी जातींचे नर ०.१ ते ०.२ मिलीच देतात, तिथे हा आकडा त्याच प्रमाणात वाढवा.

वीर्य काढणे

पोट आणि पाठीला मसाज देऊन वीर्य काढण्याची पद्धत १९३० च्या दशकात अमेरिकेत बरोज आणि क्विन यांनी रूढ केली. आजही तीच चालते. दोन माणसे लागतात, आणि शक्यतो तीच दोन. नराला हात ओळखीचा लागतो, माणूस बदलला की वीर्य कमी येते.

नरांचे खाद्य वीर्य काढण्याच्या सहा ते आठ तास आधी बंद करा. दुपारी तीनला काम असेल तर पहाटे थोडे खाऊ घालून सातच्या आत उचला. पाणी मात्र बंद करू नका, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. पोटात दाणा कमी असला की विष्ठा कमी येते.

एकाने नराचे दोन्ही पाय धरून त्याची छाती मांडीवर किंवा हातावर आडवी टेकवावी. दुसऱ्याने पाठीच्या मध्यापासून शेपटीपर्यंत तळहाताने तीन-चार वेळा झरझर पण दाब देऊन हात फिरवावा. शेपटी वर उचलली गेली की त्याच हाताने ती पुढे वळवून धरावी आणि अंगठा व तर्जनी क्लोअकाच्या दोन्ही बाजूंना ठेवून हलके दाबावे. आतला अवयव बाहेर येतो आणि पांढरे वीर्य ओघळते. ते लहान काचेच्या नळीत घ्या. भांडे आधी क्लोअकाखाली धरून ठेवू नका. वीर्य दिसल्यावरच पुढे आणा, म्हणजे आधी आलेली विष्ठा त्यात पडत नाही.

एक किंवा दोन दाब, एवढेच. पिळत राहिलात तर वीर्याऐवजी पारदर्शक, पाण्यासारखा द्रव येतो. तो वीर्य पातळ करतो आणि शुक्राणूंचे आयुष्य घटवतो. आणखी जोर केला तर रक्त येते आणि तो नर पुढचे काही दिवस बिचकतो.

रंग पाहूनच बरेच कळते. मोत्यासारखे पांढरे, साईसारखे दाट वीर्य उत्तम. पाणचट म्हणजे शुक्राणू कमी. खडूच्या चुऱ्यासारखे पांढरे कण म्हणजे लघवीतले युरेट. पिवळट, हिरवट, तपकिरी म्हणजे विष्ठा. गुलाबी म्हणजे रक्त. असे वीर्य एका नराचे असले तरी सगळ्यांत ओतू नका. प्रत्येक नराचे वीर्य आधी वेगळ्या नळीत घेऊन पाहावे आणि मगच मोठ्या नळीत मिसळावे. वेळ थोडा जास्त जातो, पण वर सांगितलेला 'एका आठवड्याचा खड्डा' बहुतांश इथेच टळतो.

एका नराचे वीर्य एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदापर्यंत काढता येते. उलट पंधरा दिवस न काढलेल्या नराचे पहिले वीर्य जुन्या, मेलेल्या शुक्राणूंनी भरलेले असते. ते फेकून द्या.

तपासणी आणि पातळ करणे

साधा सूक्ष्मदर्शक असेल तर एक थेंब कोमट काचपट्टीवर ठेवून दहा पटीच्या भिंगातून पाहा. चांगल्या वीर्यात ढगांसारख्या जोरदार भोवऱ्यांच्या लाटा दिसतात. लाटा नसतील, नुसती वळवळ असेल तर ते वापरू नका. काचपट्टी थंडगार असली तर चांगले वीर्यही मंद दिसते, म्हणून ती तळहातावर धरून कोमट करा.

मोजणीसाठी रक्त तपासणीचा हिमोसायटोमीटर (पेशी मोजण्याची चौकोन आखलेली काचपट्टी) चालतो. लाल पेशींच्या पिपेटने, थोडे फॉर्मलिन घातलेल्या सलाइनमध्ये २०० पट पातळ करा. शुक्राणू मेल्याशिवाय ते स्थिर राहत नाहीत, म्हणून फॉर्मलिन. मधल्या जाळीतले पाच चौकोन, म्हणजे ८० लहान चौकोन, मोजा. आलेल्या आकड्याला एक कोटीने गुणले की एका मिलीतले शुक्राणू मिळतात. ४०० मोजले तर मिलीला ४०० कोटी. कोंबड्याच्या वीर्यात ३०० ते ७०० कोटी असणे नेहमीचे आहे.

एका डोसमध्ये किमान १० कोटी शुक्राणू हवेत. मिलीला ४०० कोटीचे वीर्य एकास एक पातळ केले की २०० कोटी होतात आणि ०.०५ मिलीत बरोबर १० कोटी बसतात. लगेच वापरायचे असेल तर ०.९ टक्के सलाइन चालते. एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ९ ग्रॅम शुद्ध मीठ, किंवा सरळ दवाखान्यातली सलाइनची बाटली. त्याहून जास्त वेळ ठेवायचे असेल तर तयार पोल्ट्री डायल्यूएंट (वीर्य पातळ करण्याचे द्रावण) घ्या. अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिल संशोधन केंद्राचे डायल्यूएंट जगभर वापरले जाते. त्यात फ्रुक्टोज, ग्लुटामेट आणि आम्लता स्थिर ठेवणारे क्षार असतात, जे सलाइनमध्ये नसतात.

डायल्यूएंट आणि वीर्य एकाच तापमानाला आणा, २० ते २५ अंशांच्या आसपास. डायल्यूएंट वीर्यात हळूहळू, नळीच्या कडेने सोडा. हलवताना नळी कलती करा, झटकू नका. नळ्यांना पाण्याचा एकही थेंब चिकटलेला नसावा. साधे पाणी शुक्राणू फुगवून मारते, साबण आणि स्पिरिट त्याहून लवकर. धुतलेली काचेची उपकरणे शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने खंगाळून पूर्ण वाळवा.

सलाइनमधले वीर्य अर्ध्या तासात संपवा. रेतन करणाऱ्या दोघांची एक जोडी तेवढ्या वेळात जेवढ्या माद्या करू शकते, तेवढेच वीर्य एका खेपेला काढा. सगळ्या नरांचे एकदम काढून दोन तास वापरत बसणे ही फार्मवरची सर्वात नेहमीची चूक आहे.

मादीत सोडणे

मादीला पिंजऱ्याच्या दारातून शेपटीकडून बाहेर ओढा, पाय एका हातात. दुसऱ्या माणसाने शेपटी वर करून पोटाच्या डाव्या बाजूला दाब द्यावा. क्लोअका उलटते आणि डावीकडे गुलाबी, फुलासारखे अंडनलिकेचे तोंड दिसते. उजवीकडचे गुदद्वार. नवखे लोक इथेच फसतात.

स्ट्रॉ किंवा सिरिंजची नळी २.५ ते ३ सेंटिमीटर आत, जोर न लावता. मग आधी पोटावरचा दाब सोडायचा आणि त्याच क्षणी वीर्य सोडायचे. दाब तसाच ठेवून वीर्य सोडले तर नळी काढताच ते बाहेर येते. क्लोअकाच्या कडेला पांढरा थेंब दिसला की समजा, ती मादी फुकट गेली. दोघांचा ताल जमेपर्यंत पहिल्या शंभर माद्या सावकाश करा. दाब ढोपराने किंवा पोटात बोटे खुपसून देऊ नका. आतले अंडे फुटले तर अंडनलिकेला सूज येऊन मादी कायमची जाते.

तोंड बाहेर येतच नाही, अशी मादी बहुधा अंड्यावर नसते. तिच्यावर जोर करू नका. पिंजऱ्यावर खूण करा आणि पुढच्या खेपेला पाहा. दोनदा तसेच झाले तर कळपातून काढा.

प्रत्येक मादीला वेगळी स्ट्रॉ वापरा. एकच नळी शेकडो माद्यांत फिरवल्याने मायकोप्लाझ्मा, साल्मोनेला आणि ई. कोलाय रांगेत पसरतात. अंडनलिकेची सूज वाढल्याचे दिसले आणि स्ट्रॉ बदलली जात नसेल तर कारण शोधायला दूर जायची गरज नाही.

उन्हाळा आणि वाढते वय

विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये शेडचे तापमान ३२ अंशांच्या वर गेले की नर आधी थकतात, माद्या नंतर. म्हणून फॉगर (पाण्याचे तुषार उडवणारे नळ) आणि पंखे नरांच्या रांगांवर आधी बसवा. खाद्य पहाटे आणि संध्याकाळी द्या, पाण्याची टाकी सावलीत ठेवा. वीर्य काढणे आणि रेतन दोन्ही उन्हे कलल्यावर, साडेचार-पाचनंतर करा. वीर्याची नळी शेडमध्ये उघडी फिरवू नका. थर्मासमध्ये गार पाणी घेऊन त्यात नळी ठेवता येते, पण बर्फावर थेट नको. एकदम बसलेला गारठाही शुक्राणूंना मारतो.

माद्यांचे वय ४५ ते ५० आठवड्यांच्या पुढे गेले की साठवणीच्या नळ्या शुक्राणू पूर्वीइतके धरून ठेवत नाहीत. इथे मात्र डोस वाढवणे योग्य आहे: १५ ते २० कोटी शुक्राणू, म्हणजे वरच्याच मिश्रणाचे ०.०८ ते ०.१ मिली. अंतर सात दिवसांवरून पाचवर आणा. दोन्हींपैकी एकच जमत असेल तर अंतर कमी करा. त्याच वेळी जुन्या नरांपैकी ज्यांचे वीर्य पाणचट झाले आहे ते काढून तरुण नर आणा, आणि नव्या नरांना कळपात वापरण्याआधी किमान तीन आठवडे वेगळे ठेवून रक्त तपासून घ्या. बदल एका वेळी एकच करा आणि त्यानंतरच्या दोन आठवड्यांची अंडी दिवसावार फोडून पाहा. दोन बदल एकदम केले तर कोणता लागू पडला ते कळत नाही.